एकशे साठ व्होल्ट

मी त्यांच्यातला नव्हे. मी वायरींचा माणूस.
मडगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान, खुर्ची एक,
गिऱ्हाईक उभं. शनिवारी मात्र
दोन खोकी आणि भोंगे टॅक्सीच्या टपावर बांधून
त्यांच्या मागोमाग लग्नाच्या हॉलात.

आनाक्लेत, तिबुर्स, प्लासिद, केरुबिना.
पांढरे कोट, तिचा झगाही पांढरा,
एकाच मायक्रोफोनभोवती इतके खेटून
की श्वास कुणी घेतला ते कळू नये.
तेच त्यांचं कसब. इगर्जीतला मेस्त
छडीनं शिकवून गेला होता:
पेजेत मीठ विरतं तसं विरायचं.
गाणी अमेरिकेची, प्रेमात पोळलेल्यांची.
नवरा-नवरी संथ फिरत,
मावश्या पदरा-रुमालानं डोळे टिपत.
सत्तर रुपये आणि जेवण.

बहात्तरला केरुबिनाचा भाऊ तारवावरून उतरला.
पेटीत एक पेडल. पायानं दाबलं की गिटार
दूध मागणाऱ्या पोरासारखी तोंड उघडी.
आणि तीन रेकॉर्डी; कव्हरावरचे रंग
ओल्या चित्रावरून कुणी तळवा फिरवावा तसे.
ऐकल्या.
प्लासिद म्हणाला, यात गाणं कुठाय?
तिबुर्स पोदेर, अबोल;
त्याची बोटं टेबलावर कणीक तिंबू लागली होती.

पहिला ठोका जड, बाकीचे त्याला टाळत हिंडणारे.
मी म्हटलं, अहो, ही तर सम!
माझे वडील म्हार्दोळला पखवाज वाजवत,
कुणाची सम चुकली की नुसत्या डोळ्यांनी मारत.
तिथं समेवर यायचं असे.
इथं समेवरून उडी मारायची होती,
दर वेळी, घामाघूम होऊन.

तीन महिने भट्टीमागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांत.
जुन्या स्पूल रेकॉर्डरचं मी एको मशीन केलं,
आवाज जाई आणि जरा उशिरानं घरी येई.
कुणीतरी सुचवलं, घुमट घ्या की मध्ये.
केरुबिना म्हणाली, घुमट घरी निजलंय, निजू दे.
पांढरे कोट तिनं पिठाच्या टबात रंगवले.
जांभळे व्हायचे होते, वांग्याचे झाले.

कुडतरी. कुणा दोतोराच्या मुलीचं लग्न.
साडेदहाला व्होल्टेज कोसळलं.
काटा एकशे साठवर, दिवे उकडलेल्या बलकासारखे,
रेकॉर्डरची मोटर धापा टाकायला लागली
आणि चौघांचे आवाज त्यांच्याकडेच परतले
जाडे, सावकाश, तळ्याच्या बुडातून आल्यागत.
माझा हात बटणावर.
आनाक्लेतनं मान हलवली: राहू दे.

मग ते आपल्याच आवाजांमागून खाली उतरत गेले.
एकत्र नाही. ज्याच्या त्याच्या पायांनी.
आठ वर्षं मी त्यांच्या वायरी गुंडाळत होतो,
त्या रात्री पहिल्यांदा कळलं
की प्लासिदच्या आवाजाला बारीक चीर आहे,
की केरुबिना खरं तर ओरडते,
आणि फार बरं ओरडते.

एकच गाणं, बावीस मिनिटं.
नवरी खुर्चीत बसली, चपला काढल्या.
नाचले फक्त वाढपी,
हातात बश्यांच्या चळती तशाच,
एकही फुटली नाही.
नवरीचा मामा ताट घेऊनच स्टेजशी आला,
तोंडातला घास गिळेपर्यंत थांबला, म्हणाला,
हे काय?
त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.
पैसे निम्मे मिळाले.

प्लासिद पुढल्या आठवड्यात आलाच नाही.
विरायला पेज कुठं उरली, म्हणाला.
त्याचा वांगी कोट माझ्या दुकानात
खिळ्याला होता, बरीच वर्षं.
बाकीचे तिघे चार पावसाळे वाजवत राहिले,
कधी हॉल भरे, कधी आम्हीच.

एकोसाठी धावणारी ती टेप माझ्याकडे आहे.
आता वीज नीट असते.
दोनशे तीसवर लावली की सगळे घाईत, चिरके,
बस चुकणार असल्यासारखे गातात.
म्हणून दार लोटून घेतो
आणि फिरत्या चाकावर
अंगठा टेकवतो, हलकेच.